कुंडलिका नदी आणि तिचे खोरे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही कुंडलिका नेमकी कोणती? जालन्याची का?

नाही. जालना शहरातून वाहणारी कुंडलिका वेगळी, ती दुधनेला मिळते आणि तिचे पाणी शेवटी गोदावरीत जाते. बीडकडेही याच नावाची नदी आहे. इथे माहिती आहे ती रायगड जिल्ह्यातल्या कुंडलिकेची. सह्याद्रीच्या कड्यातून भिऱ्याला उतरायचे, कोलाड आणि रोहा गाठायचे आणि रेवदंड्याला अरबी समुद्रात शिरायचे, असा तिचा प्रवास. ऑनलाईन नकाशावर नुसते ‘कुंडलिका’ टाकून निघालेली गाडी मराठवाड्याच्या दिशेला लागू शकते. म्हणून कोलाड किंवा भिरा असे गावाचे नाव टाका.

नदी उगम कुठे पावते आणि कुठून कुठे जाते?

ताम्हिणीच्या माथ्यावर पडणारे पाणी अनेक ओढ्यांनी कड्यावरून खाली येते. त्यांतला देवकुंडचा धबधबा हा कुंडलिकेचा उगम मानला जातो. भूगोलाच्या भाषेत सांगायचे, तर उगम एका कुंडात नसतो, पूर्ण घाटमाथ्याच्या काठावर पसरलेला असतो. पिंपरीजवळून जी खोल, अरुंद दरी दिसते ती कुंडलिका दरी. तिच्या दोन्ही अंगांचे सगळे ओढे याच नदीचे.

खाली भिऱ्यापासून खोरे रुंदावते. मग सुतारवाडी, साजे, कोलाड आणि धाटाव ओलांडून नदी रोह्याला पोहोचते. रोहा एका काठावर, अष्टमी दुसऱ्या. तिथपासून तिची खाडी होते. शेवटी उत्तरेला रेवदंडा आणि दक्षिणेला साळाव-कोर्लई यांच्या मधून ती समुद्रात जाते. शेजारची खोरी म्हणजे उत्तरेला नागोठण्याची अंबा आणि दक्षिणेला सावित्रीकडे जाणारी काळ.

सगळा खडक बेसाल्ट आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर. पाण्याने तो कापला की पायऱ्या पडतात. वेगाने फिरणारे दगडगोटे एकाच जागी घासत राहिले की रांजणखळगे तयार होतात. नदीपात्रातल्या कातळावर चालताना हे खळगे लक्षात ठेवा. वरून गुडघाभर दिसणारे भोक आत माणूसभर खोल असू शकते.

कोकणातल्या बाकीच्या नद्या जानेवारीत आटतात. ही मे महिन्यातही कशी वाहते?

हे पाणी मुळात तिचे नाही.

घाटमाथ्यावर कितीही पाऊस पडला, तरी पश्चिमेकडचा उतार इतका तीव्र आहे की पाणी काही तासांत समुद्राला मिळते. कुंडलिकेचेही स्वतःचे पाणी असेच निघून जाते. उन्हाळ्यात जे दिसते ते घाटापलीकडचे, मुळा नदीचे पाणी. मुळा पूर्ववाहिनी आहे. तिला कुणी अडवले नसते तर मुळशीचा प्रत्येक थेंब पुण्यात मुठेला, पुढे भीमेला, कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला गेला असता.

मुळशीचे धरण बांधून टाटांनी हे पाणी बोगद्यातून आणि नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली, भिऱ्याच्या वीजघरात आणले. वीजघर १९२७ साली सुरू झाले. खोपोली (१९१५) आणि भिवपुरी (१९२२) या आधीच्या दोन केंद्रांचाही मार्ग हाच. खोपोलीचे वापरलेले पाणी पाताळगंगेत जाते, भिवपुरीचे उल्हासमध्ये. या धरणासाठी जमिनी गेल्या आणि त्याविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला. कुंडलिकेच्या काठी निवांत बसणाऱ्याने एवढे तरी ठाऊक ठेवावे, कारण या बारमाही पाण्याची किंमत मावळातल्या गावांनी मोजली आहे.

वीजघरातून सुटलेले पाणी भिऱ्याच्या छोट्या जलाशयात साठते. तिथून ते दोन कामांना जाते. विजेची मागणी कमी असते तेव्हा त्यातले काही पंपाने परत वर मुळशीत चढवले जाते, म्हणजे मागणी वाढली की पुन्हा वीज करता येते. बाकीचे पाणी खाली, राज्य सरकारच्या कंपनीच्या ‘भिरा टेल रेस’ केंद्रात आणखी एकदा टर्बाईन फिरवते. तिथे ४० मेगावॉटचे दोन संच आहेत. त्यानंतर ते नदीपात्रात येते. राफ्ट चालते ती याच पाण्यावर.

अजून थोडे खाली, कोलाडजवळ डोलवहाळ बंधारा ते अडवतो आणि कालव्यांनी रोहा-माणगाव भागातल्या शेतांना देतो. वहाळ म्हणजे ओढा, पण आज त्या नावाच्या जागी वाहते ते पूर्णपणे हिशेबाचे पाणी. आजूबाजूच्या तालुक्यांत उन्हाळ्यात जमीन पडीक असताना इथे हिरवे उन्हाळी भात दिसते ते या कालव्यांमुळे. औद्योगिक वसाहत आणि गावांच्या नळयोजनाही याच पाण्यावर आहेत.

मुळशीचे पाणी पूर्वेकडे वळवले तर कुंडलिकेचे काय होईल?

पुण्याची तहान वाढेल तशी ही मागणी पुन्हा पुन्हा वर येते. भीमेच्या दुष्काळी पट्ट्याचा दावाही त्यात असतो. नदीच्या बाजूने उत्तर सरळ आहे. नोव्हेंबरनंतर ती इतर कोकणी नद्यांसारखी डोहांपुरती उरेल. राफ्टिंग पावसाळ्यापुरते राहील, कालव्याचे दुबार पीक अडचणीत येईल. खाडीतले खारे पाणीही उन्हाळ्यात आणखी वर सरकेल, कारण आज त्याला मागे रेटणारे गोडे पाणी हेच आहे. कुणाचा हक्क मोठा हा वेगळा वाद आहे. पण कुंडलिका आपोआप बारमाही आहे असे धरून केलेली कोणतीही योजना चुकीच्या पायावर उभी राहते.

नदीत पाणी किती वाजता सुटते?

साधारणपणे सकाळी. म्हणून राफ्टिंगवाले तुम्हाला आठ-साडेआठला हजर व्हायला सांगतात. पण वेळ वीज केंद्र ठरवते. मागणी, संचाची दुरुस्ती, कालव्याची आवर्तने यांनुसार पाणी लवकर, उशिरा, कमी किंवा अजिबात न सुटण्याची शक्यता असते. ‘आज पाणी नाही’ असे ऐकावे लागले तर तो राफ्टिंगवाल्याचा दोष नसतो. मात्र अशा दिवशी पैसे परत मिळणार की तारीख बदलून मिळणार, हे आरक्षण करतानाच विचारून ठेवा.

मग इतर वेळी नदीत उतरायला हरकत नाही ना?

इथे सर्वांत जास्त चुका होतात. दुपारी पाणी ओसरते, पात्रातले कातळ उघडे पडतात, मधल्या बेटावर चटई पसरून जेवण सुरू होते. वर आकाश निरभ्र असते, त्यामुळे पूर येईल असे कुणाच्या मनातही येत नाही. पण इथली पातळी पावसावर चढत नाही, वीज केंद्रातून पाणी सुटले की चढते. अवेळी पाणी सुटले, तर मधल्या बेटाचा आणि काठाचा संबंध काही मिनिटांत तुटू शकतो.

काय पाहायचे ते सांगतो.

काठच्या दगडांवर ओला, गडद पट्टा आणि त्यावर चिकटलेली पाने दिसतात का ते बघा. तो पट्टा म्हणजे सकाळची पातळी. तुम्ही त्याच्या खाली बसला असाल तर तुम्ही नदीत बसला आहात. पाण्याच्या रेघेला लागून एक काठी रोवा किंवा ओळखू येईल असा दगड ठेवा आणि दर पाच-दहा मिनिटांनी त्याकडे नजर टाका. पातळी चढू लागली की आधी सुकी पाने, काटक्या आणि फेस वाहत येतो, कारण वाढते पाणी काठावरचा कचरा उचलते. मग पाणी किंचित गढूळ होते, आवाज बदलतो. काठी अर्धी बुडेपर्यंत थांबू नका. फेस दिसला की उठा, सामान राहिले तरी चालेल, आणि ज्या काठावर गाडी आहे त्याच काठाकडे या. लहान मुलांना घेऊन पात्राच्या मधल्या खडकांवर जाऊच नये.

राफ्टिंगचा पट्टा किती लांब आणि किती अवघड?

साज्याच्या परिसरातून निघून कामत गावाकडे, साधारण १२ ते १४ किलोमीटर. पाण्याच्या जोरानुसार दीड ते दोन तास लागतात. खळाळत्या पाण्याची जागतिक प्रतवारी १ ते ६ अशी असते. १ म्हणजे सपाट वाहते पाणी, ६ म्हणजे जवळपास अशक्य. कुंडलिकेचा हा पट्टा २ ते ३ मध्ये येतो. लाटा उसळतात, अंग भिजते, वल्हे मारावेच लागते, पण सूचना ऐकणाऱ्या धडधाकट नवशिक्याला जमते. महाराष्ट्रात उन्हाळ्यातही खात्रीने राफ्ट चालावी अशी जागा ही जवळजवळ एकमेव, म्हणून शनिवार-रविवारी गर्दी तुफान. शक्य असेल तर मधला वार निवडा.

पहिल्या टप्प्यात एकामागून एक खळाळ येतात. उत्तरार्धात नदी शांत होते. पुष्कळांना तो भाग कंटाळवाणा वाटतो. खरे तर पक्षी तिथेच दिसतात.

राफ्टिंग करवणारा चांगला आहे हे कसे ओळखायचे?

महाराष्ट्राचे साहसी पर्यटन धोरण २०२१ साली आले. त्यानुसार अशा व्यवसायाला पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी आहे का, हा पहिला प्रश्न. विमा आहे का, हा दुसरा. बाकीचे डोळ्यांनी दिसते.

प्रत्येकाला हेल्मेट आणि मापाचे लाईफ जॅकेट मिळाले पाहिजे. पाण्यात उतरण्याआधी निदान दहा-पंधरा मिनिटे जमिनीवर सूचना झाल्या पाहिजेत. राफ्टमध्ये थ्रो बॅग, म्हणजे दोर भरलेली फेकायची पिशवी, गाईडच्या हाताशी हवी. सामानाच्या ढिगाखाली दबलेली थ्रो बॅग असून नसल्यासारखी. सोबत बचावासाठी कयाक, म्हणजे वल्ह्याची छोटी अरुंद होडी, असेल तर उत्तम. ‘पाणी कमी आहे, हेल्मेट राहू द्या’ असे कुणी म्हणाले तर परत फिरा. कमी पाण्यात खडक वर येतात आणि डोके आपटण्याचा धोका उलट वाढतो.

लाईफ जॅकेट नीट बसले आहे हे कसे तपासायचे?

सगळे बक्कल लावा. पट्टे खालून वर या क्रमाने आवळा, आधी कमरेचा, मग छातीचा. आता सोबत्याला तुमच्या जॅकेटचे खांदे धरून जोरात वर ओढायला सांगा. जॅकेट कानांपर्यंत सरकले तर ते ढिले आहे. पाण्यात तुम्ही खाली राहाल आणि जॅकेट वर तरंगेल. अंगाला चिकटून बसेल इतके घट्ट हवे, पण श्वास मोकळा घेता आला पाहिजे. सुजलेल्या चेहऱ्याचे फोटो येतील, येऊ द्या.

अंगात लवकर सुकणारे कपडे घाला. जीन्स नको. भिजल्यावर ती जड होते आणि मांड्या सोलते. पायात मागे पट्टा असलेल्या सँडल किंवा जुने बूट हवेत, चपला पहिल्याच लाटेत जातात. चष्म्याला दोरी बांधा. अंगठ्या आणि गळ्यातले घरी ठेवा.

राफ्टमधून पडलो तर?

पडाल, त्यात विशेष काही नाही. पाठीवर उताणे व्हा. पाय पुढे, म्हणजे प्रवाहाच्या दिशेला, बोटे पाण्याच्या वर दिसतील असे. गुडघे थोडे वाकलेले, हात बाजूला. खडक आला तर तो आधी तळपायाला लागला पाहिजे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वाहत्या पाण्यात उभे राहायचा प्रयत्न करू नका. पाणी कमरेएवढेच असले तरी नाही. पाय दोन दगडांच्या फटीत अडकतो, मागून प्रवाह रेटतो आणि माणूस पुढे वाकून तोंडावर पडतो. ओढा कितीही उथळ वाटला तरी असेच होते. पाणी संथ होऊन बसल्यावर बूड जमिनीला टेकेल इतके उथळ झाले की मगच उठा.

दोर फेकला तर पिशवी धरू नका, दोर धरा. उताणे राहून तो छातीवर, एका खांद्यावरून धरायचा. हाताला गुंडाळायचा नाही. आणि वाटेत पडलेले झाड दिसले, ज्याच्या फांद्यांतून पाणी आरपार जाते पण माणूस जाणार नाही, तर पालथे व्हा आणि त्यापासून दूर जोरात पोहा.

वल्ह्याबद्दल एक गोष्ट. एक हात नेहमी वल्ह्याच्या वरच्या ‘टी’ आकाराच्या मुठीवर ठेवा. ती मूठ सुटली की शेजाऱ्याचे दात जातात. राफ्टवर होणाऱ्या जखमांत याच प्रकारच्या जास्त.

पोहता येत नाही. चालेल का?

चालते, जॅकेट तरंगवते. पण पाण्यात तोंड बुडाले की घाबरून गाईडला मिठी मारणार असाल तर आधी सपाट पाण्यावरची कयाक करून पाहा. हृदयविकार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गर्भारपण आणि खांदा निखळण्याची सवय असलेल्यांनी टाळावे. दारू पिऊन तर नाहीच.

पावसाळ्यात देवकुंडला जाता येते का?

बहुतेक वेळा नाही, आणि न जाणेच बरे. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन या भागात मनाई आदेश काढते. निघण्यापूर्वी त्या आठवड्यातला आदेश पाहा, मागच्या वर्षीचा व्हिडिओ नको.

वाट भिऱ्याहून निघते, सुरुवातीला जलाशयाच्या काठाने जाते, मग जंगलात शिरते. एका बाजूला साधारण दोन ते अडीच तास. मध्ये ओढे ओलांडावे लागतात आणि अडचण तिथेच आहे. जाताना घोटाभर असलेला ओढा वर कड्यावर दोन तास पाऊस झाला की परतताना छातीभर होतो. अशा वेळी पाणी ओसरेपर्यंत पलीकडेच थांबायचे. हाताला हात धरून साखळी करून ओलांडणे हा उपाय नाही, एक घसरला की साखळी जाते.

कुंड स्वतः फसवे आहे. धबधब्याखाली पाण्याने खोदलेला डोह काठापासून दोन पावलांत खोल होतो. पाणी बर्फासारखे गार असते, त्यामुळे चांगल्या पोहणाऱ्याचाही श्वास अडकतो. इथे बुडालेल्यांत पोहता येणारेही होते. शिवाय वरून दगड येतात. ऑक्टोबर ते डिसेंबर हा काळ उत्तम. स्थानिक वाटाड्या घ्या. त्याची फी गावात राहते आणि तोच तुम्हाला वेळेत परत फिरवतो.

अंधारबन आणि देवकुंड एकाच दिवशी होतील?

कागदावर होतात. अंधारबनची वाट ताम्हिणीच्या बाजूला पिंपरीपासून निघते, हिर्डी गावावरून कुंडलिका दरीच्या कडेने उतरत भिऱ्याला येते. तेरा-चौदा किलोमीटरचा हा पल्ला गटाने सहा-सात तास घेतो. त्यावर देवकुंड जोडले की अंधारात परतणे आले. वेगळे दिवस ठेवा. गाडी पिंपरीला ठेवून भिऱ्याला उतरल्यावर परत जायचे कसे, हेही बऱ्याच गटांच्या खाली पोहोचल्यावरच लक्षात येते.

वरचा काही भाग ताम्हिणी अभयारण्यात येतो. ते २०१३ साली जाहीर झाले. वनखात्याचा प्रवेश आणि बंदीचे नियम लागू असतात.

या खोऱ्यात कोणते प्राणी-पक्षी दिसतात?

उंचीनुसार तीन वेगळी जगे आहेत. वर घाटाच्या कुशीत सदाहरित आणि निमसदाहरित रान आहे. तिथे शेकरू, मलबार धनेश आणि पहाटे ओढ्यावर माणसासारखी शीळ घालणारा शीळकरी कस्तूर. मधल्या पट्ट्यात काठावर करंज, उंबर, जांभूळ आणि पात्रातल्या दगडांत घट्ट मुळे रोवलेली शेरणी. ही झुडपे पुरात आडवी होतात आणि पाणी ओसरले की पुन्हा उभी राहतात. पात्र साफ करायच्या नावाखाली ती उपटली की काठ ढासळतो. इथे खंड्या, पाण्यावर एका जागी फडफडत थांबणारा कवड्या धीवर, वंचक आणि पाणकावळे हमखास. खाली खाडीत हिवाळी पाहुणे, कुरव आणि तुतवार. खाडीच्या दक्षिणेला फणसाड अभयारण्य (१९८६) आहे. जंजिऱ्याच्या नवाबाचे ते शिकारीचे रान होते.

मासे पाहायचे तर पहिल्या पावसात. जूनमध्ये नदीला पहिला लाल लोंढा आला की गाभोळी भरलेले मासे प्रवाहाविरुद्ध ओढ्यांत आणि भातखाचरांत चढतात. याला रायगडात वलगण म्हणतात. रात्री बॅटऱ्या घेऊन मासे पकडायला गावच्या गाव उतरते. चव अप्रतिम, यात वाद नाही. पण अंडी घालायला निघालेली मादीच पकडली जाते. त्यामुळे ओढ्याच्या पूर्ण रुंदीला जाळे लावायचे नाही, अर्धी वाट मोकळी ठेवायची, एवढे पाळले तरी पुढच्या वर्षी वलगण चढते.

रोज पाणी चढते-उतरते. त्याने नदीतल्या जीवांना काय होते?

फायदा आणि तोटा दोन्ही. बारमाही पाण्यामुळे डोह टिकतात. पण काठालगतच्या उथळ पाण्यात, जिथे पिल्ले वाढतात आणि अंडी असतात, ती जागा दिवसातून एकदा बुडते आणि एकदा उघडी पडते. पाणी झपाट्याने उतरले की छोट्या खळग्यांत पिल्ले अडकतात. दुपारी बगळे तिथेच का उभे असतात ते यावरून कळेल. काठाची मातीही रोज भिजून-सुकून सुटते. पाणी एकदम बंद करण्याऐवजी टप्प्याटप्प्याने कमी केले तर यातले बरेच नुकसान टळते. त्याला खर्चही फारसा येत नाही.

नदीचे पाणी स्वच्छ आहे का? आंघोळ, पिणे?

कुठे, त्यावर अवलंबून. कोलाडच्या वर पाणी बऱ्यापैकी चांगले असते, तरी उकळल्याशिवाय पिऊ नये. धाटावला रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे आणि रोह्याचे सांडपाणी आहे. तिथून खाली चित्र बदलते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यांपैकी ५३ महाराष्ट्रातले होते आणि कुंडलिकेचा खालचा पट्टा त्यांत होता.

आकडे वाचता यावेत म्हणून निकष देतो. उघड्यावरच्या आंघोळीसाठी दर लिटरला विरघळलेला ऑक्सिजन निदान ५ मिलिग्रॅम आणि बीओडी जास्तीत जास्त ३ मिलिग्रॅम असावी, सामू (पीएच) ६.५ ते ८.५. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना सूक्ष्मजीव जेवढा ऑक्सिजन खातात तो. ती वाढली की माशांसाठी उरत नाही. मात्र बीओडी चांगली म्हणजे पाणी निर्धोक असे नाही. रसायने या चाचणीत दिसत नाहीत. मेलेले मासे, विचित्र वास किंवा रंग दिसला तर वेळ, जागा आणि फोटो नोंदवून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे त्याच दिवशी तक्रार करा. दुसऱ्या दिवशी भरती-ओहोटीने पुरावा वाहून गेलेला असतो.

खाडीत होडीने फिरायचे तर भरतीची वेळ कशी काढायची?

कोळ्यांचा हिशेब सोपा आहे. तिथीला पाऊणने गुणायचे. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणून भरती पावणेचारच्या सुमारास. सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, मग पुन्हा भरती. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी सर्वांत वर चढते आणि सर्वांत खाली जाते. अष्टमीच्या सुमारास भांग, चढउतार कमी.

हा हिशेब किनाऱ्याचा, अर्ध्या-एक तासाचा फरक धरून चालायचे. आत रोह्याकडे भरती उशिरा पोहोचते. होडी चढत्या पाण्यात आत न्यावी आणि ओहोटी लागताच परत फिरावे. उशीर झाला तर होडी चिखलात बसते आणि सहा तास तिथेच. त्या चिखलात उतरू नका, मांडीपर्यंत जातो.

खाडीकाठच्या खारफुटीत आणि बांधांत पाहण्यासारखे काय?

पुष्कळ. तिवर, चिपी, कांदळ आणि काटेरी पानांची मारांडी या मुख्य जाती. तिवराखालच्या चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली मुळे श्वास घेण्यासाठी असतात. ती तुडवू नका. पांढरी चिपी २०२० पासून राज्याचा कांदळवन वृक्ष आहे. ओहोटीला चिखलावर उड्या मारणारी निवटी आणि चिंबोऱ्या सहज दिसतात. खारफुटी तोडणे, तिच्यावर भराव टाकणे हा गुन्हा आहे आणि भोवतीच्या ५० मीटर पट्ट्यातही बांधकामाला मनाई आहे.

खारफुटीमागे मातीचे लांब बांध दिसतील. त्यांच्या आत भात पिकते, बाहेर खारे पाणी असते. बांधातल्या झडपेच्या दाराला उघाडी म्हणतात. ओहोटीला आतले पावसाचे पाणी दार ढकलून बाहेर जाते. भरतीला बाहेरचे पाणी तेच दार दाबून बंद करते. दाराच्या चौकटीत एक लाकडाचा तुकडा अडकला की दार पूर्ण मिटत नाही, उधाणाचे पाणी आत शिरते आणि पुढची दोन-तीन वर्षे त्या खाचरात भात नीट येत नाही. म्हणून उघाडीवर बसून मासेमारी करताना दगड किंवा काठी दारात अडकवू नका.

रोह्याला पुराचा इशारा कोणत्या पातळीला?

डोलवहाळ बंधाऱ्यावर मोजतात. इशारा पातळी २३.०० मीटर, धोका पातळी २३.९५ मीटर. जिल्हा प्रशासन पावसाळ्यात रोज पातळी जाहीर करते. पातळी इशाऱ्याजवळ असेल आणि त्याच वेळी अमावास्या-पौर्णिमेची भरती असेल, तर खाडीला पाणी बाहेर सोडता येत नाही आणि नदीकाठच्या गल्ल्यांत पाणी चढते. त्यामुळे नुसता पाऊस पाहू नका, तिथीही पाहा.

कधी आणि कसे जावे?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत सुखाचा काळ. मार्चनंतर भिरा तापते. तिन्ही बाजूंनी डोंगर, वारा नाही. २८ मार्च २०१७ रोजी तिथे ४६.५ अंश सेल्सिअसची नोंद झाली होती. उन्हाळ्यात यायचेच तर सकाळी राफ्टिंग उरकून अकराच्या आत सावलीला या.

मुंबईहून पनवेल, पेण, नागोठणे आणि कोलाड असा राष्ट्रीय महामार्ग ६६. पुण्याहून मुळशी-ताम्हिणी मार्गे, पण जुलै-ऑगस्टमध्ये घाटात दरडी येतात, रस्ता चालू आहे का ते विचारून निघा. रेल्वेने यायचे तर रोहा गाठा, कोकण रेल्वेची सुरुवात तिथून होते. कोलाडलाही स्थानक आहे, पण फार थोड्या गाड्या थांबतात. रोह्याहून रिक्षा किंवा एसटीने कोलाड गाठता येते. सकाळच्या पाण्यासाठी यायचे असेल तर आदल्या रात्री मुक्कामाला या. पहाटे घाटातून गाडी हाणत येऊन थेट राफ्टमध्ये बसणाऱ्यांना पहिल्या खळाळाआधीच मळमळते.